लुकुस फेरोनिए : देवराई, बाजार आणि देवीचं गाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रोमच्या उत्तरेला, टायबर नदीच्या पश्चिमेकडच्या सपाटीवर, फेरोनिया देवीची देवराई होती; लॅटिनमध्ये तिचं नाव लुकुस फेरोनिए. तिथे बाजार भरायचा, जत्रा व्हायची. पुढे त्याच जागी रोमन वसाहत वसली आणि मग सगळंच जमिनीखाली गेलं. या जागेबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी घेतले आहेत, गुंतागुंतीचे नंतर. एकाच मुद्द्याला दोनदा हात घालायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या उत्तराकडे बोट दाखवलं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. प्राचीन लेखक या देवळातल्या सोन्याचांदीबद्दल लिहितात, पण मातीतून निघतात ती सामान्य माणसांनी वाहिलेली भाजक्या मातीची डोकी आणि पावलं. ही जागा समजून घ्यायची तर लक्ष त्या माणसांकडे असायला हवं.

१. फेरोनिया ही नेमकी कसली देवी? ती रोमन देवी होती का?

मूळची नाही. व्हारो हा रोमन विद्वान तिला टायबरपलीकडच्या साबाइन लोकांकडून आलेल्या देवतांमध्ये गणतो. रोमन लोकांनी तिला नंतर आपलंसं केलं. तिचा संबंध तीन-चार गोष्टींशी दिसतो: राखलेलं रान, झऱ्याचं पाणी, शेतातलं पहिलं पीक आणि गुलामगिरीतून सुटका. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की देवराईजवळच्या कापेना गावाचे आणि आसपासचे लोक आपलं पहिलं पीक आणि ऐपतीप्रमाणे इतर वस्तू तिला आणून वाहत. व्हर्जिल हा रोमन कवी तिचा उल्लेख हिरव्या देवराईत रमणारी म्हणून करतो.

तिच्याभोवती पुराणकथांचा पसारा नाही. व्हर्जिलकडे एकच कथा येते. प्रेनेस्तेचा राजा एरुलुस हा तिचा मुलगा. तिने त्याला तीन जीव दिले होते, त्यामुळे त्याला तीनदा मारावं लागलं. ग्रीक देवतांसारखं कुळ, भांडणं, प्रेमप्रकरणं असं तिच्याबद्दल काही मिळत नाही. तिच्याविषयी जे कळतं ते बहुतेक तिच्या ठिकाणांवरून कळतं.

२. हे गाव आजच्या नकाशावर कुठे येतं?

रोमपासून साधारण ३० किलोमीटर उत्तरेला, कापेना या नगरपालिकेच्या हद्दीत, फियानो रोमानो गावाजवळ. जुना रस्ता व्हिया तिबेरिना इथूनच जातो. उत्तरेला सोराक्ते हा एकटा उभा असलेला डोंगर दिसतो, त्याची गोष्ट प्रश्न १० मध्ये आहे.

जागेचं महत्त्व तिच्या शेजाऱ्यांमुळे कळतं. नदीच्या पलीकडे साबाइन, दक्षिणेला रोम आणि लॅटिन गावं, उत्तरेला फालिस्की, नैर्ऋत्येला एत्रुस्कन लोकांचं वेई शहर. चार वेगळ्या समाजांच्या सीमा जिथे एकमेकींच्या जवळ येतात, नेमकी तिथे ही देवराई होती.

३. "इटालिक" म्हणजे रोमनच ना?

नाही. रोमने सगळा द्वीपकल्प ताब्यात घेण्याआधी तिथे अनेक समाज होते. लॅटिन, फालिस्की, साबाइन, उंब्रियन, ऑस्कन यांच्या भाषा एका कुळातल्या. एत्रुस्कन ही त्यांच्याशी नातं नसलेली वेगळी भाषा. रोमचे लोक या लॅटिन गटातलेच.

कापेनाचे लोक फालिस्कींच्या जवळचे. पण त्यांच्या थडग्यांत आणि कोरीव लेखांत एत्रुस्कन आणि साबाइन छटाही मिसळलेल्या दिसतात. त्यामुळे "ही देवी कोणाची" या प्रश्नाला एकाच समाजाचं नाव देऊन भागत नाही. तिचं नाव साबाइन परंपरेतलं, जमीन कापेनाची आणि भाविक चहूकडचे.

४. देवस्थानात बाजार कशाला? देवळाचं पावित्र्य बिघडत नव्हतं का?

उलट देवस्थान होतं म्हणूनच बाजार भरू शकत होता. त्या काळी माणसाला कायद्याचं संरक्षण मिळायचं ते आपल्या गावात. परक्या गावात गेलेल्या व्यापाऱ्याला कोणी लुटलं, डांबलं, तर तो दाद मागणार कोणाकडे? देवीच्या जागेत मात्र सगळ्यांनी मान्य केलेली शांतता असायची. तिथे शस्त्र उगारणं म्हणजे देवीचा अपराध. ज्यांच्यात एरवी लढाया चालत, ते लोक इथे बैल, धान्य, भांडी घेऊन एकमेकांसमोर बसू शकत.

हालिकार्नासुसचा डायोनिसियस हा इतिहासकार याचं चांगलं वर्णन करतो. सणाच्या दिवशी काही जण नवस फेडायला आणि बळी द्यायला येत, काही जण व्यवहाराला येत. त्यांत व्यापारी असत, कारागीर असत, शेतकरी असत. इटलीत इतरत्र कुठेही भरत नसतील एवढ्या नावाजलेल्या जत्रा इथे भरत, असं तो म्हणतो.

लिव्ही एक भांडण नोंदवतो. रोमचा तिसरा राजा तुल्लुस होस्तिलियुस तक्रार करतो की फेरोनियाच्या देवळाजवळ, भरल्या बाजारात, साबाइन लोकांनी रोमन व्यापारी पकडले. यावरून युद्ध पेटतं. या राजाचा काळ परंपरेने इ.स.पू. ६७२ ते ६४१ मानतात, आणि लिव्ही लिहितोय त्यानंतर सहाशे वर्षांनी, पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात. त्यामुळे राजाच्या तोंडचे संवाद इतिहास म्हणून घेता येत नाहीत. तरी एक गोष्ट मला भरवशाची वाटते: युद्धाला कारण सांगायचं तर "देवीच्या बाजारात आमची माणसं धरली" हे कारण रोमन वाचकांना लगेच पटत होतं. म्हणजे तो बाजार आणि तिथली शांतता यांची आठवण पक्की होती.

५. देवराईचे नियम काय होते? झाडं तोडायला बंदी होती का?

या देवराईचे स्वतःचे नियम आपल्यापर्यंत पोचलेले नाहीत, पण उंब्रियात स्पोलेतोजवळ सापडलेल्या इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या एका दगडावर अशाच एका देवराईचा कायदा जुन्या लॅटिनमध्ये कोरलेला आहे. त्यात म्हटलं आहे की या देवराईची कोणी नासधूस करू नये, देवराईतलं काही गाडीतून किंवा उचलून बाहेर नेऊ नये, झाड तोडू नये. वर्षाच्या पूजेच्या दिवशी मात्र विधीला लागेल तेवढं तोडायला मुभा आहे. चुकून नियम मोडला तर ज्युपिटरला एक बैल द्यायचा. जाणूनबुजून, वाईट हेतूने मोडला तर बैल द्यायचाच, वर ३०० आस (ब्राँझची रोमन नाणी) दंड भरायचा.

अजाणता आणि जाणूनबुजून हा फरक दगडावर कोरून ठेवावासा वाटला, याचा अर्थ लाकूड चोरणारे होतेच. केटोच्या शेतीवरच्या ग्रंथातही देवराई विरळ करण्याआधी म्हणायची प्रार्थना दिली आहे. तिथे कोणती देवता राहते हे माहीत नसेल तर "तू देव असशील किंवा देवी असशील" असं म्हणून डुकराचा बळी द्यायचा. फेरोनियाच्या देवराईत देवतेबद्दल ही शंका नव्हती, पण झाडाला हात लावण्याची भीती तीच असणार.

६. उत्खननात प्रत्यक्ष सापडलं काय?

देवस्थानाच्या परिसरात नवसाच्या वस्तूंचे साठे मिळाले. बहुतेक वस्तू इ.स.पू. चौथ्या ते दुसऱ्या शतकातल्या, भाजक्या मातीच्या: माणसांची डोकी, हात, पावलं, शरीराचे इतर अवयव, कापडात घट्ट गुंडाळलेली तान्ही बाळं, बैल. काही लहान ब्राँझ मूर्तीही आहेत.

यातलं एखादं डोकं जवळून पाहिलं की ते कसं बनलं ते कळतं. चेहरा साच्यात दाबून काढलेला असतो. मागची बाजू बऱ्याचदा सपाट, हाताने थापलेली, आणि भट्टीत तडकू नये म्हणून वाफ जायला भोक ठेवलेलं. साचा जुना होत जाई तसे नाक-ओठ बोथट होत. मग कारागीर ओल्या मातीवर टोकदार काडीने केसांच्या रेघा पुन्हा ओढायचा. कुठे पापणी ठळक केलेली, कुठे कानाजवळ बोटाचा ठसा तसाच राहिलेला. एका साच्यातून डझनावारी डोकी निघत, म्हणजे ती स्वस्त होती. शेतमजूर, गुलाम, कोणीही घेऊ शकेल अशी. ती देवस्थानाच्या आसपासच बनत आणि विकली जात.

गुंडाळलेलं बाळ ही यातली सर्वांत हलवणारी वस्तू. पायापासून गळ्यापर्यंत पट्ट्यांचे वेढे, फक्त चेहरा उघडा. मूल व्हावं म्हणून, झालेलं मूल जगावं म्हणून, किंवा जगलं म्हणून कोणीतरी ते आणून ठेवलं. तिन्हींपैकी कोणतं कारण, हे त्या बाळाकडे बघून ठरवता येत नाही.

७. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात, हा प्रकार तसाच का? दोन्हींचा काही संबंध आहे?

करण्याची पद्धत तीच: जो अवयव दुखतो किंवा बरा झाला, त्याची प्रतिकृती देवाला द्यायची. ऐतिहासिक संबंध मात्र जोडू नका. मध्य इटलीत ही रीत इ.स.पू. चौथ्या शतकापासून झपाट्याने पसरली आणि पहिल्या शतकापर्यंत जवळजवळ थांबली. ती एत्रुरिया, लॅटियम आणि कांपानियाच्या शेकडो देवस्थानांत दिसते. अवयव सापडले म्हणून फेरोनिया ही खास आरोग्याची देवी होती असंही म्हणता येत नाही. त्या काळात लोक जवळच्या देवाकडे हेच घेऊन जात.

८. इतक्या श्रद्धेने वाहिलेल्या वस्तू खड्ड्यात कशा गेल्या? कोणी फेकल्या का?

फेकल्या नाहीत, पुरल्या. एकदा देवाला दिलेली वस्तू देवाच्या मालकीची. ती विकता येत नाही, घरी नेता येत नाही, कचऱ्यात टाकता येत नाही. पण देवळात जागा तर संपते. मग पुजारी जुन्या वस्तू देवस्थानाच्या हद्दीतच खड्डा खणून पुरत.

याचा पुरातत्त्वाला फायदाही झाला आणि अडचणही झाली. फायदा असा की हजारो वस्तू सुरक्षित राहिल्या. अडचण अशी की खड्डा एका दिवशी भरलेला असला तरी आतल्या वस्तू दीडदोनशे वर्षांत जमलेल्या असू शकतात. खड्ड्याची तारीख ही त्यातल्या प्रत्येक वस्तूची तारीख धरली की गोंधळ होतो.

९. हॅनिबलने हे देऊळ लुटलं हे खरं का?

हो, यावर प्राचीन लेखकांचं एकमत आहे आणि लिव्ही तसं स्पष्ट लिहितो. साल इ.स.पू. २११. रोमशी लढणारा कार्थेजचा सेनापती हॅनिबल रोमच्या वेशीपर्यंत येऊन माघारी फिरला आणि फेरोनियाच्या देवराईकडे वळला. ते देऊळ तेव्हा संपत्तीसाठी प्रसिद्ध होतं. पिढ्यान्‌पिढ्या वाहिलेलं सोनं-चांदी त्याच्या सैन्याने उचललं.

मतभेद आहे तो वेळेबद्दल. लिव्हीच्या मते हे परतताना घडलं. कोएलियुस नावाचा आधीचा इतिहासकार म्हणतो की रोमकडे जाताना साबाइन मुलखातल्या एरेतुमहून वाट वाकडी करून हॅनिबल तिथे गेला. लिव्ही दोन्ही बाजू देतो आणि लुटीबद्दल मात्र शंका नाही असं सांगतो.

लिव्हीच्या या मजकुरातला एक तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. सैन्य निघून गेल्यावर तिथे ब्राँझचे मोठे ढीग सापडले. सैनिकांनी देवीच्या धाकाने ओबडधोबड ब्राँझचे तुकडे मागे टाकले होते. नाणी रूढ होण्याआधी इटलीत वजनावर चालणारे ब्राँझचे तुकडे हाच पैसा होता, आणि गरीब माणूस देवीला तेच वाहायचा. एकाच देवळात दोन थरांतल्या भाविकांचं दान होतं: श्रीमंतांचं सोनं गेलं आणि गरिबांचं ब्राँझ जमिनीवर राहिलं.

लूट झाल्याच्या पुढच्या वर्षी, इ.स.पू. २१० मध्ये, या देवराईतल्या चार मूर्तींना दिवसरात्र रक्ताचा घाम फुटल्याची नोंद रोममध्ये अपशकुन म्हणून झाली. युद्धकाळात असे अपशकुन खूप नोंदले जात, पण या देवळाचा घाव किती ताजा होता ते यातून दिसतं.

१०. फेरोनियाचे भक्त निखाऱ्यांवरून चालायचे असं वाचलं. ते इथेच का?

इथे दोन वेगळे लेखक दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि त्या वाचकांच्या मनात एक होऊन जातात. ग्रीक भूगोलकार स्ट्राबो लिहितो की सोराक्ते डोंगराखाली फेरोनिया नावाचं गाव आहे, देवी अंगात आलेले लोक तिथे अनवाणी निखाऱ्यांवरून चालतात आणि हे पाहायला दरवर्षी मोठी गर्दी जमते. रोमन लेखक प्लिनी मात्र म्हणतो की फालिस्कींच्या मुलखात हिर्पी नावाची काही घराणी आहेत, ती सोराक्ते डोंगरावर अपोलोच्या वार्षिक पूजेत जळत्या लाकडांच्या राशीवरून चालतात आणि त्याबद्दल त्यांना सैनिकी सेवेतून कायमची सूट आहे. व्हर्जिलही हा विधी सोराक्तेच्या अपोलोचाच मानतो.

दोन स्वतंत्र रोमन लेखक अपोलोकडे बोट दाखवतात, तर स्ट्राबो दुरून ऐकलेलं लिहितोय. माझ्या मते स्ट्राबोने डोंगरावरचा विधी आणि पायथ्याकडची प्रसिद्ध देवी एकत्र केली. लुकुस फेरोनिएत भाविक निखाऱ्यांवरून चालत असं छातीठोकपणे सांगू नका.

११. तिला "गुलामांची देवी" का म्हणतात?

पुरावे दोन आहेत आणि दोन्ही या गावातले नाहीत. पहिला रोमच्या दक्षिणेकडच्या तेराचिना गावाचा. व्हर्जिलचा टीकाकार सर्व्हियस सांगतो की तिथल्या फेरोनियाच्या देवळात दगडी आसन होतं आणि त्यावर लिहिलेलं होतं: "पात्र गुलामांनी बसावं, उठताना स्वतंत्र होऊन उठावं." तिथे मुंडण केलेल्या डोक्यावर मुक्ततेची टोपी चढवली जाई.

दुसरा रोमचा. इ.स.पू. २१७ मध्ये हॅनिबलच्या भीतीने रोममध्ये जी प्रायश्चित्तं झाली त्यांत घरंदाज स्त्रियांनी राणी जुनोसाठी पैसे गोळा केले आणि मुक्त झालेल्या गुलाम स्त्रियांनी फेरोनियाच्या भेटीसाठी. सरकारी आदेशातच ही वाटणी होती, म्हणजे फेरोनिया आणि मुक्त स्त्रियांचं नातं सर्वमान्य होतं.

हे सगळं कापेनाच्या देवराईला जसंच्या तसं लावता येईल का? पुरावा थोडा कमी पडतो. पण बाजार आणि देवीची शांतता (प्रश्न ४) लक्षात घेतली तर नातं कुठून आलं असेल याचा अंदाज येतो. जिथे कोणीच दुसऱ्याचा यजमान नाही, तिथे आपल्या गावात काही हक्क नसलेल्या माणसालाही जागा होती.

१२. हे रोमन गाव कधी झालं? मग देवीचं काय झालं?

वेई इ.स.पू. ३९६ मध्ये पडलं आणि पुढच्याच वर्षी कापेना रोमला शरण गेलं. तेव्हापासून ही जमीन रोमची. गाव म्हणून औपचारिक दर्जा मात्र खूप नंतर, सीझर आणि ऑगस्टसच्या दरम्यानच्या काळात मिळाला. निवृत्त सैनिकांना जमिनी वाटून "कोलोनिया युलिया फेलिक्स लुकुस फेरोनिए" वसवली गेली. नेमकं साल वादाचं आहे. सीझरच्या काळात कापेनाच्या जमिनींची मोजणी चालू होती हे सिसेरोच्या एका पत्रातून कळतं. "युलिया" हे नाव सीझर आणि ऑगस्टस दोघांनाही लागू पडतं, त्यामुळे त्या नावावरून निकाल लागत नाही.

देवी गेली नाही, पण गावाचा मध्य बदलला. चौक, बसिलिका (न्यायनिवाड्याचं आणि व्यवहाराचं मोठं सभागृह) आणि सम्राटाच्या घराण्याच्या मूर्ती ठेवलेली वास्तू हे नवं केंद्र झालं. मातीचे अवयव वाहणं त्याआधीच थांबलं होतं. पूर्वी वेगवेगळे समाज इथे जमत, कारण ही जागा कोणा एकाची नव्हती. आता सगळेच रोमचे नागरिक झाल्यावर अशा जागेची गरज उरली नाही. देवराईचं वैभव कमी होण्यामागे हॅनिबलच्या लुटीपेक्षा मला हे कारण मोठं वाटतं.

१३. आज तिथे गेल्यावर काय दिसतं?

मुख्यतः रोमन वसाहतीचे अवशेष: फरसबंद लांबट चौक, त्याच्या एका बाजूला दुकानांची रांग, बसिलिका, स्नानगृहं, रस्त्याचे दगड आणि छोटं अँफिथिएटर. हे अँफिथिएटर इतकं लहान आणि जवळजवळ गोल आहे की कोलोसियम पाहून आलेला माणूस आधी ओळखतच नाही. ते मार्कुस सिलियुस एपाफ्रोदितुस याने इ.स. पहिल्या शतकात स्वखर्चाने बांधल्याचा शिलालेख आहे. त्याचं ग्रीक नाव पाहता तो स्वतः मुक्त गुलाम असावा किंवा तशा घराण्यातला. मुक्त झालेल्यांच्या देवीच्या गावात अशा माणसाने गावाला अँफिथिएटर द्यावं, याचा मला मनापासून आनंद होतो.

जुन्या देवस्थानाचे अवशेष याच परिसरात आहेत, पण जमिनीलगतचे. माहिती वाचून गेलात तरच ते कळतील.

१४. हायवेलगतचा तो मोठा बंगला कोणाचा? तो देवस्थानाचा भाग आहे का?

नाही. तो व्होलुसी सातुर्निनी या श्रीमंत सिनेटर घराण्याचा ग्रामीण वाडा. १९६१ मध्ये मिलान ते नेपल्स महामार्गाचं काम चालू असताना तो सापडला. मोझेइकच्या फरशा, पूर्वजांच्या सन्मानाचे लेख असलेली घरातली देवघराची खोली, आणि एका अंगणाभोवती ओळीने छोट्या कोंदट खोल्या, ज्या गुलामांच्या मानल्या जातात.

या घराण्यातल्या लुसियुस व्होलुसियुसबद्दल रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की तो इ.स. ५६ मध्ये ९३व्या वर्षी वारला, चांगल्या मार्गाने मिळवलेली मोठी संपत्ती मागे ठेवून, आणि इतक्या सम्राटांशी त्याचं कधी बिनसलं नाही. गुलामांच्या सुटकेच्या देवीपासून हाकेच्या अंतरावर गुलामांच्या खोल्यांची ही रांग होती, हे तिथे उभं राहून विसरता येत नाही.

१५. इतकं प्रसिद्ध ठिकाण विसाव्या शतकापर्यंत सापडलं कसं नाही?

एक कारण स्ट्राबो (प्रश्न १०). त्याने गाव सोराक्तेखाली सांगितलं, म्हणून अभ्यासक ते डोंगराच्या पायथ्याशी शोधत राहिले. दुसरं कारण जमीन. गाव शेताखाली गेलं होतं आणि वर डोळ्यात भरेल असा भग्नावशेष नव्हता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला स्कोरानोच्या किल्ल्याजवळ शेतीची कामं चालू असताना अवशेष वर आले, आणि रेनातो बार्तोचिनी यांच्या देखरेखीखाली पद्धतशीर उत्खनन झालं. वसाहतीचं नाव असलेले शिलालेख मिळाल्यावर शंका उरली नाही.

१६. फेरोनियाची मूर्ती किंवा चित्र उपलब्ध आहे का?

नाव कोरलेलं खात्रीचं चित्र एका नाण्यावर आहे. ऑगस्टसच्या काळात, इ.स.पू. १९ च्या सुमारास, टांकसाळीचा अधिकारी पेत्रोनियुस तुर्पिलियानुस याने चांदीचा देनारियुस पाडला. त्यावर मुकुट घातलेल्या स्त्रीचं डोकं आणि शेजारी देवीचं नाव संक्षिप्त रूपात आहे. नवसाच्या साठ्यातली स्त्रियांची डोकी (प्रश्न ६) मात्र देवीची नव्हेत. ती भाविकांची आहेत. इंटरनेटवर हा घोटाळा फार दिसतो.

१७. तेराचिना, रोम, इथे... मग फेरोनियाचं मूळ स्थान कोणतं?

रोमच्या उत्तरेकडचं हे देवस्थान सर्वांत नावाजलेलं, पण ते एकटं नव्हतं. साबाइन मुलखात त्रेबुला मुतुएस्का, दक्षिणेला तेराचिना, ईशान्येला आक्विलेया इथेही तिची पूजा होती. तेराचिनाजवळच्या झऱ्यावर रोमन कवी होरेसने प्रवासात हात-तोंड धुतल्याचं लिहिलं आहे. रोममध्ये मार्सच्या मैदानात तिचं देऊळ होतं. लार्गो अर्जेंतिना चौकातल्या चार देवळांपैकी "सी" हे तिचं, असं बरेच अभ्यासक मानतात. सर्वांत आधीचं कोणतं, हा वाद जुना आहे. साबाइन संबंध पाहता टायबरकाठचं हे ठिकाण उगमाच्या जवळचं आहे, एवढं म्हणता येतं.

१८. तिथे अजून चोऱ्या होतात का?

कापेना आणि फियानोच्या परिसराला थडगीचोरांचा जुना शाप आहे. २००७ मध्ये इटलीच्या आर्थिक पोलिसांनी फियानो रोमानोजवळ ग्लॅडिएटरांच्या लढतींचे संगमरवरी कोरीव फलक हस्तगत केले. ते एका खासगी घराच्या बागेत पुरून ठेवलेले होते. फलक परत मिळाले, पण ते कोणाच्या थडग्यावर होते, त्याच्या शेजारी काय होतं, हे चोरांनी कायमचं पुसून टाकलं. म्हणून प्राचीन इटालियन वस्तू ऑनलाइन विकत घेण्याबद्दल विचारणाऱ्या प्रत्येकाला माझं उत्तर एकच: घेऊ नका.

१९. रोमच्या सहलीत हे बसवता येईल का?

स्वतःची गाडी असेल तर अर्ध्या दिवसात होतं. महामार्गाने फियानो रोमानोला बाहेर पडायचं आणि व्हिया तिबेरिनावर यायचं. छोटं संग्रहालय उत्खननाला लागूनच आहे. उघडण्याच्या वेळा बदलतात, निघण्याआधी तपासा. उन्हाळ्यात सावली जवळजवळ नाही, टोपी आणि पाणी जवळ ठेवा.

गाडी नसेल तर रोममधलंच विला जुलिया संग्रहालय गाठा. तिथे कापेनाच्या दफनभूमीतली इ.स.पू. तिसऱ्या शतकातली रंगवलेली थाळी आहे. पाठीवर बुरूज आणि सैनिक घेतलेली हत्तीण, मानेवर माहूत, आणि मागे आईची शेपटी सोंडेत धरून चालणारं पिल्लू. पिरस या ग्रीक राजाच्या इटलीतल्या स्वारीत (इ.स.पू. २८० ते २७५) लोकांनी पाहिलेल्या हत्तींची ही आठवण मानली जाते, आणि बरेच अभ्यासक हा हत्ती भारतीय असल्याचं मानतात. देवीच्या जत्रेला येणाऱ्या लोकांच्या घरात अशी थाळी होती. संग्रहालयात कापेनाचं दालन कुठे आहे ते दारातच विचारून घ्या, नाहीतर एत्रुस्कन दालनांतच वेळ संपतो.